पायांवरचं निळं-जांभळं जाळं: नाशिकच्या ओपीडीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायांच्या शिरांचे रुग्ण मी नाशिकमध्ये रोज तपासते. त्याशिवाय फोनवर पायांचे फोटो येतात, आणि फोटोखालचे प्रश्न बहुतेक तेच असतात. सगळ्यात जास्त वेळा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे आधी, अवघड नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. फोटो पाहून मी कुणाचंही निदान करत नाही. हे पान वाचून तुम्हीही स्वतःचं करू नका.

१. पायावर बारीक लाल-निळ्या रेषांचं जाळं उठलंय. हे नेमकं काय असतं?

त्वचेच्या अगदी खालच्या, केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्या की त्या बाहेरून दिसू लागतात. त्यांना स्पायडर व्हेन्स म्हणतात. जाडी १ मिलिमीटरपेक्षा कमी, रंग लाल, निळा किंवा जांभळा. कधी फांद्या फुटलेल्या झाडासारख्या, कधी मांडीच्या बाहेरच्या अंगाला विस्कटलेल्या दोऱ्यासारख्या. हात फिरवला तर लागत नाहीत. बोटाने दाबून पाहा: रेषा पुसट होते, बोट उचललं की पुन्हा भरते. ओपीडीत मी हेच काचेच्या पट्टीने दाबून दाखवते. काचेखालून रक्त सरकताना डोळ्यांनी दिसलं की ‘आत काहीतरी फुटलंय’ ही भीती बऱ्याच जणींच्या मनातून जाते.

या जाळ्याच्या शेजारीच पुष्कळदा थोडी जाड, हिरवट-निळी, सपाट शीर दिसते. ती १ ते ३ मिलिमीटरची रेटिक्युलर शीर. जाळ्यात रक्त ढकलणारी बऱ्याचदा तीच असते, म्हणून उपचारात तिला विसरून चालत नाही (प्रश्न १२).

२. म्हणजे व्हेरिकोज व्हेन्सच ना?

नाही. व्हेरिकोज शीर ३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असते. उभं राहिलं की दोरीसारखी फुगते आणि हाताला लागते. डॉक्टर शिरांच्या आजाराच्या सी-० ते सी-६ अशा पायऱ्या मानतात. स्पायडर आणि रेटिक्युलर शिरा सी-१, व्हेरिकोज सी-२, सूज सी-३, त्वचा काळवंडणं किंवा कडक होणं सी-४, भरून आलेली जखम सी-५ आणि उघडी जखम सी-६. कागदावर सी-१ लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. सी-१ चा प्रत्येक पाय पुढच्या पायऱ्या चढतो असंही नाही, पुष्कळ जणी आयुष्यभर तिथेच राहतात.

३. माझ्याच पायावर का? मी तर चांगली चालते-फिरते.

सगळ्यात मोठं कारण घराणं. आईच्या, मावशीच्या पायांवर असतील तर तुमच्या पायांवर येण्याची शक्यता वाढते. बायकांमध्ये प्रमाण जास्त, कारण स्त्रियांची संप्रेरकं शिरांच्या भिंती सैल करतात. गरोदरपणात तर रक्तही वाढतं आणि वाढत्या गर्भाशयाचा दाबही येतो. वय आणि वजन यांची भर पडते. कधी गाडीवरून पडल्याचा मार बसलेल्या जागीच वर्षभराने जाळं उठतं.

आणि उभं राहण्याचं काम. पायातलं रक्त वर चढवतो तो पोटरीचा स्नायू. चालताना तो आवळतो, रक्त वर ढकलतो, आणि शिरांमधल्या इवल्याशा झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. एका जागी उभं राहिलं की हा पंप बंद पडतो आणि सगळा भार खालच्या शिरांवर येतो. सराफ बाजारात काउंटरमागे उभ्या असलेल्या मुली, सातपूर-अंबडला मशीनवर उभे असलेले कामगार, फळ्यासमोर उभ्या शिक्षिका, बंदोबस्तावरचे पोलीस, माझ्याकडे यांचीच गर्दी असते. आणि घराघरात ओट्याशी उभी असलेली बाई. तिचं ते उभं राहणं कुणी काम म्हणून मोजत नाही. मी केसपेपरवर ते तासांसकट लिहून घेते.

४. पायावर पाय टाकून बसल्याने, पैंजणांमुळे किंवा गार फरशीवर अनवाणी चालल्याने होतात का?

नाही. तिन्ही समजुतींना आधार नाही.

५. यातून रक्ताची गुठळी होऊन ती हृदयाकडे जाईल का?

धोका असतो तो स्नायूंच्या आत, खोल असलेल्या मोठ्या शिरेत गुठळी झाली तर. स्पायडर व्हेन्स त्वचेत असतात, त्यांच्यामुळे ती गुठळी होत नाही. पण खोल गुठळीची लक्षणं प्रत्येकाला माहीत असावीत: एकच पाय अचानक सुजणं, पोटरी दुखणं, पाय गरम आणि ताणल्यासारखा होणं. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

६. मग काहीच नाही केलं तर चालेल का?

त्रास नसेल, तपासणीत आत बिघाड नसेल आणि दिसण्याचं तुम्हाला काही वाटत नसेल, तर खुशाल चालेल. ‘उपचार करू नका, गरज नाही’ असं मी आठवड्यातून कित्येकदा सांगते.

पण दिसण्याचं वाटत असेल तर तेही लपवू नका. ‘मॅडम, नुसतं दिसण्यापुरतं आहे हो’ असं बायका खाली मान घालून सांगतात, जणू काही गुन्हा केलाय. दहा वर्षं पोहणं सोडलेली, ड्रेस गुडघ्याखाली नेलेली, उन्हाळ्यातही जाड लेगिंग घालून फिरणारी बाई माझ्यासमोर बसते तेव्हा तो त्रास खराच असतो. शिवाय काही जणींना जाळ्याच्या जागी जळजळ, खाज किंवा संध्याकाळी जडपणाही जाणवतो.

७. कोणत्या शिरा दिसल्या तर नक्की दाखवावं?

घोट्याभोवतीच्या. बाकी सगळं पान वाचलं नाही तरी एवढं वाचा.

पिंपळगाव बसवंतकडून एक ताई आल्या होत्या. द्राक्षांच्या हंगामात पॅकहाऊसमध्ये उभ्याने काम, कात्रीने घडातले खराब मणी काढायचे आणि घड क्रेटमध्ये भरायचे, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. आल्या होत्या मांडीवरच्या रेषा दाखवायला, कारण मुलीने त्यावरून काही म्हटलं होतं. मांडीवरचं जाळं निरुपद्रवी होतं. मी साडीचा काठ नीट वर घ्यायला सांगून पाय खालपर्यंत पाहिला, तर आतल्या घोट्याखाली, टाचेच्या वर, पंख्यासारखं पसरलेलं दाट जांभळं जाळं होतं. त्याच्या वरची त्वचा तपकिरी झाली होती आणि मोज्याच्या इलॅस्टिकचा खड्डा उमटला होता. ‘तिथे तर मळ बसलाय, घासून जात नाही’ असं त्या म्हणाल्या. तो मळ नव्हता. वर्षानुवर्षं तुंबलेल्या रक्ताचा डाग होता. डॉपलर तपासणीत (प्रश्न ८) मोठ्या शिरेच्या झडपा निकामी निघाल्या. त्यांना आधी मोठ्या शिरेचा उपचार लागला. आणखी उशीर झाला असता तर त्याच जागी जखम होण्याची भीती होती.

हे पंख्यासारखं जाळं बाकीच्या स्पायडर व्हेन्ससारखंच दिसतं, पण त्याचा अर्थ वेगळा असतो. त्याशिवाय संध्याकाळी सूज, घोट्याजवळ त्वचा काळवंडणं, एक्झिमासारखी खाज, बरी न होणारी जखम, शिरेतून रक्त येणं (प्रश्न २४), किंवा फार थोड्या काळात पायभर नवं जाळं उठणं, यांपैकी काहीही असलं तर दाखवा.

८. डॉपलर करावीच लागते का?

दोन-चार रेषा, सूज नाही, जडपणा नाही, फुगलेली शीर नाही, अशांना अनुभवी डॉक्टर नीट तपासून डॉपलरशिवायही पुढे जाऊ शकतो. बाकी सगळ्यांना मी आधी डॉपलर सांगते. ही सोनोग्राफीच असते, सुई नाही, दुखत नाही. शिरेत रक्त उलटं किती वेळ वाहतं हे त्यात मोजतात. वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं वाहिलं तर झडप बिघडली असं धरतात.

एक गोष्ट आवर्जून पाहा: झडपांची ही तपासणी उभं करून झाली का? झोपवून केलेल्या तपासणीत उलटा प्रवाह निसटू शकतो. आतली मोठी शीर गळत असताना वरचं जाळं बुजवत बसणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. पैसे जातात आणि जाळं परत येतं.

९. कोणाला दाखवायचं?

व्हॅस्क्युलर सर्जन (रक्तवाहिन्यांचा सर्जन), इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (सोनोग्राफी, एक्स-रेवर पाहत रक्तवाहिन्यांत उपचार करणारा), किंवा शिरांचं काम नियमित करणारा त्वचारोगतज्ज्ञ अथवा जनरल सर्जन. पाटीपेक्षा दोन प्रश्न विचारा: तुम्ही स्वतः तपासून इंजेक्शन देता का, आणि डाग पडले तर पुढे कोण पाहणार? ब्यूटी पार्लरमध्ये शिरेत इंजेक्शन घेऊ नका.

१०. तेल, ॲपल व्हिनेगर, जळवा, गोळ्या, यांनी जातात का?

रुंदावलेली शीर बाहेरून लावलेल्या कशानेही आकसत नाही. हलक्या हाताने तेल लावल्याने बरं वाटतं, तेवढं जरूर करा. जोरात रगडून मात्र उलट निळे डाग पडतात. व्हिनेगरने त्वचा भाजलेली मी पाहिली आहे. जळवा रक्त ओढून घेतात, पण शिरेची भिंत तशीच राहते, आणि चावलेल्या जागी जंतुसंसर्ग होऊ शकतो.

डायोस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्यांनी जडपणा आणि सूज काही जणींना कमी वाटते. तेवढ्यासाठी डॉक्टरांनी दिल्या तर घ्या. त्यांनी रेषा पुसल्या जात नाहीत. चार महिने गोळ्या घेऊन ‘फरक नाही’ म्हणत येणाऱ्यांना हे कुणी आधी सांगितलेलंच नसतं.

११. चालण्याने, योगासनांनी जातील का? आणि स्टॉकिंग्ज घालायच्याच का?

आलेल्या रेषा व्यायामाने जात नाहीत. पण प्रश्न ३ मधला पोटरीचा पंप मजबूत होतो, जडपणा उतरतो, सूज कमी राहते. चाला, पोहा, सायकल चालवा. सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या, श्रावणातली ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा, पांडवलेणीचा सकाळचा चढ, यांना स्पायडर व्हेन्समुळे मनाई नाही. मशीनवर किंवा ओट्याशी उभ्या असाल तर दर अर्ध्या तासाने टाचा वीस वेळा उचला-टेकवा. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला अप-डाउन करणाऱ्यांनी बसल्या जागी घोट्यातून पाऊल वर-खाली करत राहावं आणि मध्येच उठून डब्यात एक फेरी मारावी. रात्री पाय छातीच्या पातळीच्या वर घेऊन पंधरा मिनिटं पडा.

स्टॉकिंग्ज, म्हणजे पायाला बाहेरून दाब देणारे घट्ट लांब मोजे, सगळ्यांना रोज लागत नाहीत. उभ्याचं काम आणि जडपणा असेल तर कामाच्या वेळेत घाला. माप सकाळी, सूज नसताना घ्यायचं: घोटा, पोटरी आणि लागली तर मांडी. सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच चढवायच्या, रात्री काढायच्या. एप्रिल-मेमध्ये नाशकातही पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा त्या अंगावर सहन होत नाहीत हे मला मान्य आहे. अशा वेळी गुडघ्यापर्यंतच्या घ्या, हलक्या दाबाच्या चालतील का ते विचारा. कपाटात पडून राहणाऱ्या महागड्या स्टॉकिंग्जचा उपयोग नाही.

ज्यांना मधुमेह आहे, तंबाखू-विडीची सवय आहे, किंवा चालताना पोटरीत गोळे येऊन थांबावं लागतं, त्यांनी पायाची नाडी तपासून घेतल्याशिवाय स्टॉकिंग्ज घालू नयेत. पायाचा रक्तपुरवठाच कमी असेल तर दाबाने इजा होते.

१२. इंजेक्शन म्हणजे नेमकं काय करतात? फार दुखतं का?

या उपचाराला स्क्लेरोथेरपी म्हणतात. औषध बहुतेक वेळा पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट. ते शिरेच्या आतल्या अस्तराला डिवचतं, भिंती एकमेकींना चिकटतात, शीर बंद होते आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीर तिला हळूहळू जिरवून टाकतं.

तुम्ही टेबलावर आडव्या. पाय स्पिरिटने पुसला जातो, वर तिरका दिवा, माझ्या डोळ्यांवर भिंग. सुई ३० गेजची, इन्सुलिनच्या सुईसारखी बारीक. आधी रेटिक्युलर शीर, मग तिची पोरं, म्हणजे बारीक जाळं. स्पायडर व्हेन्ससाठी पॉलिडोकॅनॉल साधारण ०.५ टक्का, रेटिक्युलरसाठी १ टक्का. औषध अगदी सावकाश, थेंबाथेंबाने जातं. ते नीट गेलं की सुईच्या टोकापासून रेषा पांढरी होत जाते, ओल्या फडक्याने पाटीवरची अक्षरं पुसावीत तशी, आणि फाट्याफाट्यांतून पुढे सरकते. एका बसणीत अशा बऱ्याच टोचण्या होतात. पाऊण-एक तासात सगळं आटोपतं. भूल लागत नाही, ॲडमिट व्हावं लागत नाही.

दुखणं मुंगी चावल्याइतकं. पॉलिडोकॅनॉल मुळात बधिर करण्याचं औषध म्हणून तयार झालं होतं, त्यामुळे ते फारसं झोंबत नाही. घोट्याजवळ आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला मात्र टोचलेलं जास्त कळतं. जाड शिरेसाठी तेच औषध हवेत घुसळून फेस करून देतात, एक भाग औषध आणि चार भाग हवा. बारीक जाळ्यासाठी मी साधं द्रवच वापरते.

१३. शिरा बंद केल्यावर रक्त कुठून जाणार?

पायातलं बहुतेक रक्त खोल शिरांमधूनच वर जातं. या त्वचेतल्या रेषा त्या वाहतुकीत धरल्याच जात नाहीत. त्या गेल्याने पायाचं काही अडत नाही.

१४. किती वेळा यावं लागतं? परत येतात का?

बहुतेकींना दोन ते चार वेळा, मध्ये चार ते सहा आठवडे सोडून. पहिल्या दोन आठवड्यांत पाय आधीपेक्षा वाईट दिसतो: लाल, सुजरा, कुठे हिरवानिळा. हे आधी सांगितलं नाही तर माणूस रात्री घाबरून फोन करतो, म्हणून मी लिहूनच देते. बारीक रेषा साधारण तीन ते सहा आठवड्यांत फिक्या होतात, जाड शिरांना तीन-चार महिने लागतात.

नीट बंद झालेली शीर सहसा उघडत नाही. पण ज्या घराण्यामुळे आणि कामामुळे पहिली जाळी आली, ती दोन्ही तिथेच आहेत. काही वर्षांनी दुसरीकडे नव्या रेषा येऊ शकतात. ‘कायमचं घालवून देतो’ असं जिथे सांगतात, तिथून उठून या.

१५. इंजेक्शननंतर काय पाळायचं?

लगेच पंधरा-वीस मिनिटं चालायचं. गाडीत बसून थेट घरी जायचं नाही. स्टॉकिंग्ज २०-३० एमएमएचजी दाबाच्या, स्पायडर व्हेन्ससाठी दोन-तीन दिवस आणि रेटिक्युलरसाठी साधारण आठवडाभर. दोन-तीन दिवस कडकडीत पाण्याने आंघोळ नको, पायावर शेक नको, जिममध्ये जड वजनं नकोत, लांबचा प्रवास नको. घरातली रोजची कामं त्याच दिवशी चालतात. नाशिकची थंडी या उपचाराला सोयीची, नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्टॉकिंग्जचा जाच होत नाही आणि पाय उन्हापासून आपोआप झाकलेले राहतात.

टोचलेल्या जागी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कडक, जांभळी गाठ लागली तर ते आत अडकलेलं रक्त असतं. परत या. बारीक सुईने ते काढलं की दुखणंही जातं आणि डागही कमी पडतो. पण टोचलेल्या जागी त्वचा पांढरीफटक पडून काळी खपली धरू लागली, किंवा प्रश्न ५ मधली लक्षणं दिसली, तर त्याच दिवशी या.

१६. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर डाग राहतात का?

राहू शकतात. हे मी उपचार सुरू करण्याआधीच सांगते, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त मनस्ताप यानेच होतो.

शीर बंद होताना आतलं थोडं रक्त त्वचेत झिरपतं आणि त्यातलं लोह तिथेच बसतं. लोखंडाचा गंज कापडावर बसावा तशी तपकिरी रेघ उमटते, शीर होती अगदी तिच्याच आकाराची. सावळ्या त्वचेत सूज उतरल्यावर त्वचेचा स्वतःचा रंगही त्यात मिसळतो. बहुतेक डाग सहा महिने ते वर्षभरात फिके पडतात. काही त्याहून जास्त टिकतात. रंग उजळवायची क्रीम लोहाच्या डागावर चालत नाहीत, आणि मेडिकलमधून स्वतःच आणलेलं स्टेरॉइडचं क्रीम तर त्वचा पातळ करून आणखी रक्तवाहिन्या वर आणतं.

सुरुवातीच्या काळात माझ्या हातून एक चूक झाली. एका रुग्णाचं बारीक जाळं मी आधी भरलं आणि त्याला रक्त पुरवणारी रेटिक्युलर शीर तशीच सोडली. जाळ्यावर दाब कायम राहिला, रक्त झिरपलं, आणि पोटरीवरचा डाग दीड वर्ष गेला नाही. दर तपासणीला ती पाय पुढे करायची आणि काही बोलायची नाही. तेव्हापासून मी जाड शीर आधी घेते, औषध लागेल तेवढंच सौम्य आणि थोडं ठेवते, अडकलेलं रक्त वेळेवर काढते. आणि पहिल्याच भेटीत चांगल्या निकालांच्या शेजारी डाग पडलेल्या पायांचेही फोटो दाखवते. ते पाहून काही जणी ‘नको, मग रेषाच बऱ्या’ म्हणतात. तो निर्णयही बरोबर असतो.

कधी टोचलेल्या जागेभोवती तांबूस, केसांसारख्या फार बारीक रेषांची नवी नक्षी उठते. तिला मॅटिंग म्हणतात. तिच्यावर घाईने पुन्हा टोचू नये, बऱ्याचदा काही महिन्यांत ती आपोआप ओसरते. मुरुमांसाठी मिनोसायक्लिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्यांनी डाग पडण्याची शक्यता वाढते.

१७. लेझर जास्त चांगलं ना? सुई नको वाटते.

चेहऱ्यावरच्या रक्तवाहिन्यांसाठी लेझर उत्तम. पायांवर मात्र पहिली पसंती अजून इंजेक्शनलाच आहे. सुईचीच फार भीती असेल, औषधाची ॲलर्जी असेल, किंवा सुई आतच जात नाही इतक्या बारीक लाल रेषा असतील, तेव्हा लेझर उपयोगी पडतं. आपल्या रंगासाठी १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित. ५३२ नॅनोमीटरच्या लेझरचा प्रकाश त्वचेतलं रंगद्रव्यच शोषून घेतं आणि सावळा पाय भाजू शकतो. कोणतं मशीन, किती नॅनोमीटरचं, हे विचारायला लाजू नका. जाहिरातीतलं ‘शिरांचं लेझर ऑपरेशन’ हे बहुतेकदा मोठ्या व्हेरिकोज शिरेच्या आत तार घालून करायचं काम असतं, त्याचा या जाळ्याशी संबंध नाही.

१८. मी पाच महिन्यांची गरोदर आहे. आत्ता करता येईल का?

नाही, थांबा. गरोदरपणात उठलेल्या पुष्कळ रेषा बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप फिक्या होतात. तोवर डाव्या कुशीवर झोपा, चालत राहा, तुमच्या डॉक्टरांना विचारून स्टॉकिंग्ज घाला. अंगावर पाजणं चालू असेपर्यंतही मी इंजेक्शन टाळते. अजून एक मूल हवं असेल तर ते झाल्यावरच उपचार केलेला बरा.

१९. माझ्या गोळ्या चालू आहेत, मायग्रेन आहे, मधुमेह आहे. तरी चालेल?

मधुमेह आटोक्यात असेल आणि पायाची नाडी चांगली लागत असेल तर चालतं. मायग्रेन असणाऱ्यांना इंजेक्शननंतर, विशेषतः फेसाच्या, थोडा वेळ डोळ्यांपुढे चमकल्यासारखं होऊ शकतं, म्हणून आधी सांगा. पूर्वी खोल शिरेत गुठळी झाली असेल, गर्भनिरोधक गोळ्या किंवा पाळी गेल्यावरची संप्रेरकं चालू असतील, तर गुठळीचा धोका नीट तोलूनच ठरवायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यासाठी स्वतःहून कधीही बंद करू नका. दिसण्यासाठीच्या उपचारापायी हृदयाची किंवा मेंदूची जोखीम घ्यायची नाही.

२०. खर्च किती? विमा मिळतो का?

खर्च बसणीवर ठरतो. एका बसणीत दोन्ही पाय होणार की एकच, औषध, स्टॉकिंग्ज, डॉपलर आणि नंतरच्या तपासण्या धरून एकूण किती, हे आधी कागदावर लिहून घ्या. दिसण्यासाठीचे उपचार आरोग्य विम्यात बसत नाहीत, त्यामुळे स्पायडर व्हेन्सचे पैसे स्वतःच्या खिशातूनच जातात. व्हेरिकोज व्हेन्सचं वेगळं आहे. त्रास आणि डॉपलरचा पुरावा असेल तर पुष्कळ पॉलिसी पैसे देतात, पण त्यासाठी बऱ्याचदा सुरुवातीची दोन वर्षं थांबावं लागतं. विम्यासाठी केसपेपरवर खोटं निदान लिहून मागू नका. मी देत नाही.

२१. दोन महिन्यांनी माझं लग्न आहे. तोवर पाय साफ होतील?

होणार नाहीत. आत्ता सुरू केलं तर नेमके लग्नातच प्रश्न १४ आणि १६ मधले डाग दिसतील. निदान सहा-आठ महिने हाताशी हवेत. आत्ता पायांना लावायचा वॉटरप्रूफ मेकअप वापरा आणि लग्नानंतर निवांत या.

२२. माझ्या मुलाला जन्मापासून एका पायावर लालसर डाग आणि मांडीच्या बाहेरून फुगलेली शीर आहे. तो पाय जाडही वाटतो.

या स्पायडर व्हेन्स नव्हेत. जन्मापासूनचा लाल-जांभळा डाग, मांडीच्या बाहेरच्या अंगाची मोठी शीर आणि एकच पाय लांब किंवा जाड, असं तिन्ही एकत्र असेल तर रक्तवाहिन्यांच्या घडणीतच जन्मजात फरक असू शकतो. अशा वेळी ती बाहेरची शीर बांधणं किंवा बंद करणं धोक्याचं ठरू शकतं, कारण कधी कधी आतली खोल शीर नीट घडलेली नसते आणि पायाचं रक्त याच शिरेतून जात असतं. प्रश्न १३ मधलं उत्तर इथे लागू नाही. बालरोगतज्ज्ञांमार्फत व्हॅस्क्युलर सर्जनला दाखवा. कुठेही कुणाकडून इंजेक्शन देऊ देऊ नका.

२३. पायावर बारीक लाल ठिपके आलेत, पण दाबले तरी जात नाहीत. हेही तेच का?

नाही. प्रश्न १ मधली दाबण्याची खूण आठवा. दाबल्यावर न पुसणारे ठिपके म्हणजे त्वचेत उतरलेलं रक्त. सोबत ताप असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, पावसाळ्यात आसपास डेंग्यू चालू असेल, तर त्याच दिवशी रक्ततपासणी करून प्लेटलेट्स पाहा. माझ्याकडे नाही, आधी फॅमिली डॉक्टरकडे जा. ताप नसेल तरी कारण शोधायलाच हवं.

२४. आईच्या घोट्याजवळच्या शिरेतून आंघोळ करताना अचानक रक्ताची चिळकांडी उडाली. पुन्हा झालं तर काय करायचं?

वयस्कर माणसांमध्ये असं होतं. वरची त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते, कढत पाण्याने शीर आणखी फुगते, आणि नखाचा किंवा घासणीचा ओरखडाही पुरतो. दुखत नाही, म्हणून कधी कधी पाणी लाल झाल्यावरच कळतं. उभं राहून रक्त पाहत बसल्याने ते वाढतं.

आहे तिथेच आडवं करा, बाथरूमच्या फरशीवरही चालेल. पाय उचलून बादलीवर किंवा स्टुलावर ठेवा, छातीपेक्षा उंच. स्वच्छ कापडाची घडी नेमक्या त्या जागेवर ठेवून बोटांनी घट्ट दाबा, घड्याळ लावून दहा मिनिटं, मध्ये उचलून पाहायचं नाही. वर पोटरीला रुमाल किंवा दोरी आवळू नका, त्याने रक्तस्राव वाढतो. हळद, कॉफी, चुना काही भरू नका. थांबलं की त्याच घडीवर पट्टी बांधा आणि एक-दोन दिवसांत डॉपलरसाठी आणा, कारण अशी शीर पुन्हा फुटू शकते आणि ती बंद करून घेणं सोपं असतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, दहा मिनिटांनीही थांबत नसेल किंवा आईंना चक्कर येत असेल, तर दाब न सोडता १०८ ला फोन करा.